रडणारं गाढव

“हे गाढव हसतंय,” आप्पा म्हणाले आणि चित्र माझ्याकडे दिलं.

मी पाहिलं. गाढव अगदी हसत नव्हतं, पण हसायला त्याला फार निमित्त लागलं नसतं. डोळे मोठे, पापण्या लांब, पाठीवर विटांचं ओझं आणि एकंदरीत चेहरा समाधानी.

“छान आहे की,” मी म्हणाले.

“छानच आहे. तेच म्हणतोय मी.”

पाकिटात आणखी एक चित्र होतं. त्यातलं गाढव रडत होतं. डाव्या डोळ्याखाली एक थेंब होता आणि त्या थेंबात खिडकीसारखा पांढरा चौकोनही दाखवला होता. आप्पांनी ते उजेडाकडे धरलं, चष्मा वर करून पाहिलं, आणि पुन्हा पाकिटात घालून पाकीट उशीखाली ठेवलं. मग ते म्हणाले की तू पुण्याला जाऊन ये, आत्तारबाईंना काहीतरी झालेलं दिसतंय.

आप्पा म्हणजे डॉक्टर मुरलीधर खैरे. जनावरांचे सरकारी डॉक्टर म्हणून नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी पुरंदर आणि दौंड तालुक्यांत काढली. पगार त्यांना गाईम्हशींसाठी मिळत असे, जीव मात्र गाढवांवर होता. वीटभट्टीवरचं किंवा कुंभाराचं गाढव दवाखान्यात कुणी आणत नाही. ते कामावर उभं असतं आणि एक दिवस पडतं. तेव्हा निवृत्तीनंतर आप्पांनी गाढवांवर पुस्तक लिहिलं. त्याला खायला काय घालावं, खूर कसे बघावेत, दम लागू नये म्हणून नाकपुड्या चिरतात तो अडाणीपणा का आहे, आणि मुख्य म्हणजे गाढव आजारी आहे हे ओळखायचं कसं. वयाच्या सत्तराव्या वर्षी ते पहिल्यांदाच लेखक होत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. काळजी होती ती चित्रांची. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिलं त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. ते चित्रच बघणार होते. चित्र चुकलं की पुस्तक चुकलं, असा सरळ हिशेब होता.

नसीम आत्तार ही चित्रकार त्यांनी स्वतः शोधली. शाळेच्या एका पुस्तकात तिनं काढलेली शेळी त्यांना आवडली होती. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी होती, तेवढ्यावरून त्यांनी प्रकाशकाकडून तिचा पत्ता मिळवला. ती तिशीची असेल. पहिल्याच भेटीत तिनं एका चित्राचा दर सांगितला, निम्मे पैसे आधी हवेत म्हणाली, आणि प्रत्येक चित्राला दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या मिळतील असं बजावलं. आप्पांनी विचारलं, दोनच का? तर म्हणाली, “दोन फेऱ्यांत माणूस स्वतःचं सांगतो. तिसरीला बायकोला विचारून येतो.”

“मला बायको नाही. वारली.”

“मग दोन पुरतील.”

आप्पांनी त्याच दिवशी निम्मे पैसे दिले. घरी आल्यावर दोन दिवस ते ही गोष्ट लोकांना सांगत होते.

प्रकाशक गोडांबे यांना हा व्यवहार रुचला नाही. पुस्तकाचा निम्मा खर्च लेखकाकडून घेण्यात त्यांना गैर वाटत नव्हतं, पण चित्रकाराला पैसे देणं म्हणजे वाईट पायंडा पाडणं आहे असं त्यांचं मत होतं. पहिल्या पुस्तकाला चित्रांचे पैसे कोण देतं? आतल्या पानावर नाव छापतो, दहा प्रती देतो, प्रकाशनाला शाल आणि नारळ. कलावंत माणूस तेवढ्यानं भरून पावतो. हे त्यांनी आप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा आप्पांनी विचारलं होतं की छापखान्याला किती शाली लागतात.

सुरुवातीची चित्रं भांडत भांडत झाली. मी तेव्हा बारामतीला कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि शनिवारी सासवडला घरी यायचे, तर आप्पा फोनवर असायचे. कान कुठून फुटतो, खांद्यावरचा काळा पट्टा किती खाली येतो, यावर तासतास वाद. नसीम मुळीच ऐकून घेत नसे. चिरलेलं नाक तिला नको होतं. मुलं घाबरतील म्हणाली. आप्पा म्हणाले, घाबरू देत. ती म्हणाली, मग पान उलटतील आणि पुढचं वाचणारच नाहीत. शेवटी नाक चिरलेलंच राहिलं, पण गाढव बाजूनं न दाखवता तिनं ते समोरून काढलं, सरळ आपल्याकडे बघणारं. आप्पांनी ते चित्र भिंतीला लावलं आणि तिला मात्र फोनवर “ठीक आहे” एवढंच सांगितलं.

श्रावणात आप्पांच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट त्यांनी माझ्याआधी वाचला, आणि वाचून झाल्यावर म्हणाले की जनावर असतं तर मालकाला सांगितलं असतं, औषधात पैसे घालू नका. मग चहा मागितला. मी रजा टाकून घरी आले. डॉक्टर दिवाळीचं नाव घेत होते, दिवाळीच्या अलीकडे की पलीकडे ते स्पष्ट करत नव्हते. चित्रं अजून निम्मी व्हायची होती.

आणि नेमकी तेव्हापासून ती छान यायला लागली.

“फोन केला होता मी,” आप्पा मला म्हणाले. “म्हटलं, कान थोडे मागं घ्या. हो डॉक्टर. म्हटलं, पोट उतरतं दाखवा. हो डॉक्टर. मग मुद्दाम म्हटलं, शेपटी निळी करा.”

“मग?”

“बघते म्हणाल्या.”

म्हणून मी पुण्याला गेले. भवानी पेठेत एका बाइंडिंगच्या दुकानावर नसीमची खोली होती. ती लग्नपत्रिकेचा गणपती काढत होती आणि बोलताना हात थांबवत नव्हती. मी कोण ते सांगितल्यावर मात्र थांबली, आणि तोंडावर तो भाव आणला, जो त्या दिवसांत मी सगळ्यांच्या तोंडावर बघत होते. आप्पांची तब्येत विचारली. मी सांगितली. मग चित्रांबद्दल विचारलं.

थोडे आढेवेढे घेऊन तिनं सांगितलं. गोडांब्यांचा फोन आला होता. लेखक आता फार दिवसांचे नाहीत, उरलेली चित्रं सेवा समजून करा, पैशाचा विषय काढू नका, पुण्य लागेल. ती हो म्हणाली होती.

“नाही कसं म्हणणार?” ती म्हणाली. “शाळेच्या पुस्तकवाल्यांना म्हणता येतं. ते दिवाळीनंतर देतो म्हणतात, कुठल्या दिवाळीनंतर ते सांगत नाहीत, त्यांच्याशी भांडता येतं. यांच्याशी काय भांडू?”

मी तिचे आभार मानले. मला ते खरोखरच मोठेपणाचं वाटलं. तिनं हात पुसले आणि म्हणाली की आभार नकोत, खरं सांगायचं तर चित्रं बरी होत नाहीयेत.

“फुकटचं काम उरलेल्या वेळात होतं,” ती म्हणाली. “आणि उरलेल्या वेळात गाढवं गोंडसच येतात.”

“आणि ते रडणारं?”

“ते तुमच्या वडिलांचं ऐकल्यावर लगेच काढलं.”

घरी येताना बसमध्ये मी ठरवलं होतं की आप्पांना यातलं काही सांगायचं नाही. तिला जास्त काम आहे, एवढंच सांगायचं. पण त्यांनी दारातच विचारलं, आणि जनावरांना काय झालंय हे त्यांच्या मालकांकडून काढून घेण्यात ज्याची हयात गेली त्याच्यापुढे माझं फार टिकलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 

“म्हणजे गोडांब्यांनी मला मारलं आणि बाईंनी तेरावं घातलं,” ते म्हणाले. “बोलाव त्यांना.”

ती पुढच्या रविवारी एस.टी.नं आली. आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, स्वच्छ सदरा घालून. फाटकाला एक गाढव बांधलं होतं. ते त्यांनी भट्टीवाल्याकडून दिवसभरासाठी मागवलं होतं आणि त्याचं भाडंही ठरवलं होतं. नसीमनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खांदे उडवले. चहा झाल्यावर आप्पांनी उरलेल्या पैशांचं पाकीट तिच्यापुढे ठेवलं.

ती नको म्हणाली. आप्पांनी पाकीट आणखी पुढे सरकवलं. ती पुन्हा नको म्हणाली, गोडांब्यांना शब्द दिलाय म्हणाली.

“पुस्तक गोडांब्यांनी नाही लिहिलं.”

“डॉक्टर, तुम्ही आजारी आहात.”

“आहे. त्याचं बिल हॉस्पिटल वेगळं पाठवतं.”

ती हसली नाही. आप्पाही नाही. मग ते नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलायला लागले. मी कपबशा उचलायला वाकले होते, तशीच थांबले.

“बाई, फुकट चित्र आलं की मला छानच म्हणावं लागतं. आणि मला छान म्हणणारे सध्या पुष्कळ आहेत. ही माझी मुलगी. जन्मात माझं ऐकलं नाही. परवा मी म्हटलं, इतिहास हा काही शिकवायचा विषय नव्हे. हो म्हणाली.”

मी कपबशा घेऊन आत जाऊ शकले असते. गेले नाही.

“तुम्ही पैसे घेतले नाहीत तर मला हे रडणारं गाढव छापावं लागेल,” आप्पा म्हणाले. “ते बघून भट्टीवरची माणसं रडणाऱ्या गाढवाची वाट बघत बसतील. गाढव रडत नाही. न रडता मरतं. माझ्या पुस्तकानं मरेल.”

 नसीमनं पाकीट उचललं, पिशवीत टाकलं, आणि त्याच पिशवीतून रंगपेटी आणि कागद बाहेर काढले.

“हसणारं बदलते,” ती म्हणाली. “ते वाईटच आहे. रडणाऱ्याचं मात्र मला सांगा. दुखतंय हे बघणाऱ्याला कळायला नको?”

“कळत नाही. तेच तर आहे.”

“ज्याचं दुखणं दिसत नाही त्याचं चित्र काढायचं?”

“हो.”

“मग मी काढू काय, डॉक्टर? नुसतं गाढव काढू, आणि खाली लिहू की याचं पोट दुखतंय?”

“मला चित्र काढता आलं असतं तर तुम्हाला पैसे कशाला दिले असते?”

ते दुपारभर भांडले. मध्ये आप्पा उठून फाटकापाशी गेले, गाढवाची मान धरून ती इतकी खाली की तितकी ते दाखवायला लागले, आणि नसीमनं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, तुमची सावली पडतेय म्हणून. त्यांना उभं राहवत नव्हतं. तिनं ते पाहिलं आणि खुर्ची आणून दिली नाही. मी खुर्ची आणायला निघाले, तर आप्पांनी असं पाहिलं की मी परत बसले. संध्याकाळी ती गेली. आप्पा थकून झोपले, ते दुसऱ्या दिवशी दहापर्यंत उठले नाहीत. उठल्यावर मला म्हणाले की बाई फार हट्टी आहेत, आणि चहात साखर कमी आहे. मी म्हटलं, साखर बरोबर आहे. ते बरं म्हणाले.

त्यानंतर चित्रं पुन्हा वाईट यायला लागली, म्हणजे गाढवासारखी. हसणारं हसायचं थांबलं. एकामागून एक पाकिटं येत होती, आप्पा उशीला टेकून त्यावर पेन्सिलीनं खुणा करत होते आणि फोनवर नसीमचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. निळ्या शेपटीचं एक गाढवही आलं, वेगळ्या कागदावर, त्याचे पैसे लावलेले नव्हते. एकच चित्र जमत नव्हतं, ते आजारी गाढवाचं; त्याची नुसती कच्ची रेखाटनंच येत होती. थेंब गेला होता. मान खाली आली होती. आप्पा म्हणत, अजून नाही. काय नाही ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. गाढवाच्या पोटाला हात लावून त्यांना जे कळायचं, ते कागदाला हात लावून कळत नव्हतं.

दिवाळी गेली. आप्पा मार्गशीर्षात गेले.

लोक आले. कुणी म्हणालं सुटले, कुणी म्हणालं सोनं झालं. गोडांबे आले आणि हार घातलेल्या फोटोसमोर बसून म्हणाले की पुस्तक आता आपण श्रद्धांजली म्हणून काढू. नसीमही आली, कोपऱ्यात बसली, पाणी प्यायली आणि काही न बोलता गेली. त्या दिवसांत काही न बोललेली तेवढीच.

काही दिवसांनी तिचं पाकीट आलं. आजारी गाढवाचं चित्र होतं आणि सोबत चिठ्ठी: “डॉक्टरांनी शेवटी सांगितलं त्याप्रमाणे केलं आहे. दुरुस्तीची एक फेरी बाकी आहे. कळवा.”

मी गोडांब्यांना फोन केला. ते म्हणाले, आता चुका काढणारं कोण आहे? आणि मला विचाराल तर ते थेंबवालं छापू, त्यात भावना आहे. मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते.

चित्रात गाढव एकटं उभं होतं. चाऱ्याकडे पाठ केलेली, मान खाली, कान सैल. आप्पांच्या मजकुराशी ओळ न् ओळ जुळत होतं. मी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि येता जाता बघत राहिले. चूक काही सापडेना. छान आहे, असं लिहायला मी कार्डही घेतलं. लिहिलं नाही. मी आयुष्यात गाढवाकडे कधी नीट पाहिलेलंच नव्हतं. आप्पा दर वर्षी पौष पौर्णिमेला जेजुरीच्या गाढवांच्या बाजाराला जायचे आणि दर वर्षी मला चल म्हणायचे. मला पेपर तपासायचे असत.

त्या वर्षी मी गेले. मोकळ्या माळावर गाढवंच गाढवं होती. गावरान, आणि गुजरातेतून आलेली उंच, पांढरी काठेवाडी. माणसं दात बघत होती, पाय उचलून बघत होती. मला दातातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी नुसती उभी राहून चेहरे बघत होते. सगळे चेहरे सारखे होते. दुपारपर्यंत सारखेच राहिले.

मग जनावरं तपासायला आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी मला ओळखलं. ते आप्पांच्या हाताखाली शिकले होते. मी काय शोधतेय ते सांगितल्यावर त्यांनी मला बरोबर घेतलं. तीन गाढवं ओळीनं उभी होती, प्रत्येकापुढे चाऱ्याचा वेगळा ढीग. डॉक्टर मधल्याशी थांबले आणि मालकिणीला म्हणाले की हे आजारी आहे.

“खातंय की, सायेब,” बाई म्हणाली. “सकाळधरनं तोंड चाऱ्यातच हाय त्याचं.”

डॉक्टरांनी गाढवाचं तोंड वर उचललं आणि उघडलं. आत काही नव्हतं. दोन्ही बाजूच्या गाढवांपुढचा चारा संपत आला होता. याच्यापुढचा जसा घातला तसा होता. ते नुसतं तोंड खुपसून उभं होतं. दोन दिवस तरी पोटात काही गेलं नसेल, डॉक्टर म्हणाले, आणि पिशवीतून इंजेक्शन काढलं. बाई म्हणाली की तिला वाटलं, ओळीत उभं आहे म्हणजे बरंच आहे. तोंड सोडल्यावर गाढवानं ते पुन्हा चाऱ्यात घातलं.

दिवाळीनंतर आप्पा दोन्ही वेळा माझ्याबरोबर टेबलाशी बसून जेवत. अंथरुणात ताट नको म्हणत. भाकरी मोडत, आमटीत कुस्करत, एखादा घास तोंडापर्यंत नेत, मीठ जास्त झालंय म्हणत. मला बरं वाटे. आज बसून जेवले, असं मी बहिणीला फोनवर सांगत असे. ताट मीच उचलत होते. मीच खरकटं काढत होते.

बसस्टँडवरून मी नसीमला फोन लावला. कशा आहात वगैरे ती काही म्हणाली नाही. सांगा, म्हणाली.

“तोंड चाऱ्यात हवं.”

“कुणाचं?”

“गाढवाचं. पाठ फिरवलेली नको. तोंड चाऱ्यात घालून उभं हवं.”

“मग ते खातंय असं वाटेल.”

“हो.”

“मग बघणाऱ्याला कळणार कसं?”

“त्याच्यापुढचा चारा कमी झालेला नाही. शेजारच्यांचा झालाय.”

 मागे बाइंडिंगच्या दुकानातलं यंत्र चालल्याचा आवाज येत होता.

“हे डॉक्टरांनी लिहून ठेवलंय?” तिनं विचारलं.

“नाही. मी पाहिलंय.”

 मग तिचा आवाज बदलला. तो अंगणात होता तसा झाला.

“शेजारची म्हणजे किती?”

“दोन.”

“म्हणजे आणखी दोन गाढवं आणि तीन चाऱ्याचे ढीग. ही दुरुस्ती नाही झाली. हे नवीन चित्र झालं. त्याचे वेगळे पैसे पडतील.”

मी विचारलं किती, आणि तिनं सांगितलं. मी म्हटलं, हे फार होतात, मधलं गाढव तर तयारच आहे. ती म्हणाली, त्याची मानसुद्धा बदलायची आहे, तुमच्या लक्षात येतंय का? मी म्हटलं, मानेची दुरुस्ती आमच्या उरलेल्या फेरीत धरा. ती म्हणाली, फेरी चित्राला असते, मानेला नसते.

सासवडची बस आली. मी ती सोडली.